फेब्रुवारीतली राखी

एखाद्या मुलीच्या हातात दोरा देऊन, समोरच्या मुलाच्या मनगटाकडे बोट दाखवून, ‘बांध आणि विषय संपव’ असं तुम्ही कधी म्हणाला आहात का? म्हणाला नसाल, तर दुसरं कुणी म्हणत असताना तुम्ही खुर्चीत बसून खिडकीबाहेर पाहत होता का?

उत्तर मला नको. मी बारावीत असताना अशा एका खोलीत उभी होते. तिथे खुर्च्यांवर बसलेली सगळी माणसं सभ्य होती. कुणी हात उगारला नाही, कुणी शिवी दिली नाही. चहासुद्धा आला होता. आणि चहाचे कप रिकामे होईपर्यंत माझ्या मैत्रिणीची बारावीची परीक्षा, सुरू व्हायच्या आधीच, संपली होती.

आमचं घर अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत. बाबा एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते आणि युनियनमध्ये होते. कुणी ‘काय करता’ विचारलं की ते आधी युनियनचं सांगायचे. घरात पत्रकांचे गठ्ठे कायम. पलंगाखाली, फ्रीजच्या डोक्यावर, देवघराच्या खालच्या खणात. वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, मसाल्याच्या डब्यांखाली तीच अंथरली गेली. न अडखळता मला वाचता आलेली पहिली ओळ म्हणजे ‘कामगार बंधू-भगिनींनो’. कितीतरी वर्षं मला वाटायचं की अन्यायाबद्दल काहीही लिहायचं तर सुरुवात याच शब्दांनी करावी लागते, कुठल्याही पूजेत आधी गणपती लागतो तशी.

गेटवर पत्रकं वाटायला मी बाबांबरोबर जायचे. शिफ्ट सुटली की माणसं भराभर बाहेर पडतात. त्यांच्या हातात कागद कसा द्यायचा हे बाबांनी मला शिकवलं होतं. छातीसमोर धरायचा नाही, माणूस बिचकतो. कमरेच्या उंचीवर धरायचा, मग हात आपसूक घेतो. आई घरी बसून जीन्सचे धागे कापायची. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या पँटचे गठ्ठे यायचे आणि तिची बोटं बाराही महिने निळसर असायची. अशा घरात वाढल्यामुळे मला एक गोष्ट पक्की माहीत आहे असं वाटायचं: चूक कुठे आहे ते दाखवून दिलं, की निदान एक माणूस तरी तुमच्या बाजूला येऊन उभा राहतो.

मैत्रीण बदलापूरची. घर कुळगावात, मूळ गाव बारवी धरणाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी. वडील पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते. गावची भातशेती मोठे काका बघायचे, आणि शेतीबरोबर घरातले सगळे निर्णयही तेच बघायचे. पोरीने सायन्स घ्यावं की नाही हेही त्यांनाच विचारलं गेलं होतं. ते ‘घेऊ दे’ म्हणाले, म्हणून ती आमच्या वर्गात होती. अंबरनाथच्या शाळेलाच जोडलेलं आमचं ज्युनिअर कॉलेज. इमारत तीच, नियम तेच. तिला नर्स व्हायचं होतं. कारण विचारलं की सांगायची, “मला ते पांढरे बूट आवडतात. चिखलात न गेलेले बूट मी अजून घातलेच नाहीत.” मग हसायची. पण बायोलॉजीच्या पुस्तकाची तिची पानं पार मऊ पडली होती, इतकी ती उलटलेली होती.

मुलगाही आमच्याच वर्गातला, उल्हासनगरचा, कॅम्प एकमधला, सिंधी. वडिलांचं कापडाचं दुकान. मराठी आमच्यासारखीच बोलायचा, भांडणात आमच्याहून बरी.

त्या दोघांचं काही होतं का? होतं. हे मी सरळ सांगते, कारण पुढे जो कोणी तिची बाजू घेत होता तो ‘तसं काही नव्हतं हो’ अशीच घेत होता. जणू असतं, तर मग जे झालं ते बरोबरच होतं. होतं ते एवढं: त्याच्या डब्यातलं दाल-पकवान तिच्या डब्यात जायचं, तिची तांदळाची भाकरी आणि सुकट त्याच्या डब्यात. घरी त्याच्या मम्मीला प्रश्न पडायचा, पोराच्या डब्याला मासळीचा वास कुठून येतो. सुटल्यावर स्टेशनच्या पुलापर्यंत दोघं बरोबर चालायची, मध्ये दोन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून. “तुम्ही बरोबर चालताय की मोर्चात चालताय?” मी विचारायचे. “मोर्चाच आहे,” ती म्हणायची, “घोषणा मनात देतोय.”

एवढ्या अंतरालाही शाळेत जागा नव्हती. मुलींचा जिना वेगळा, मुलांचा वेगळा. प्रार्थनेनंतर उपप्राचार्य सर आठवड्यातून एकदा तरी वयावर बोलायचे. आपण ज्या वयात होतो ते वय म्हणजे एखादा साथीचा रोग असावा असं त्यांच्या बोलण्यावरून वाटायचं. आणि हीच शाळा निरोप समारंभाला मुलींना साडी सक्तीची करायची. मुलांनी कुर्ता, मुलींनी साडी, गजरा असेल तर उत्तम. वर्षभर वेणीला काळी की पांढरी रिबीन यावरून ओरडणाऱ्या बाई त्या दिवशी आम्हाला जवळ घेऊन, निऱ्या नीट करत म्हणत होत्या, “बघा, कशा एकदम नवऱ्या मुली दिसताय! आता उजवायला हरकत नाही.” मुलाशी बोलायचं वय आमचं झालं नव्हतं. लग्नाला उभं राहायचं मात्र झालं होतं. यातली विसंगती आमच्यातल्या कुणालाच तेव्हा टोचली नाही. आम्ही हसलो, आणि पिना मागितल्या.

वर्गाची स्वतःची पार्टी निरोप समारंभानंतर होती. सरांनी आधीच बजावलं होतं, “जे काही करायचं ते शाळेच्या सभागृहात. बाहेर कुणी पार्टी केल्याचं कळलं तर त्याचं हॉल तिकीट पालकांना बोलावून देणार.” आम्ही तरीही केली. मुलाच्या मामाचा उल्हासनगरला एक बँक्वेट हॉल होता, तो दुपारी रिकामा असायचा. आमच्याकडच्या मुलींच्या पार्ट्या दुपारीच होतात. दिवेलागणीला घरात असावं लागतं, म्हणून हॉलचे जाड पडदे ओढून घेतले की झाली रात्र. केक, कोल्ड्रिंक, स्पीकर. एकीने पहिल्यांदा सगळ्यांसमोर नाचून घेतलं आणि नंतर कोपऱ्यात जाऊन रडली. का, तर आता परत कधी नाचायला मिळेल माहीत नाही म्हणाली. आम्ही तिला चिडवलं. आता वाटतं, आमच्यात तीच सगळ्यात शहाणी होती.

हॉलमध्ये आदल्या रात्रीच्या रिसेप्शनची सजावट तशीच होती. कागदी फुलांची कमान, आणि खाली नवरा-नवरीसाठीची लाल मखमली खुर्ची, सिंहासनासारखी. साड्या अंगावर होत्याच. खेळ आपोआप सुरू झाला. जोडीजोडीने सगळे त्या खुर्चीवर बसू लागले. दोन मुली बसल्या. दोन मुलगे बसले, त्यातला एक लाजला. वर्गातला सगळ्यात जाडा मुलगा केकला मांडीवर घेऊन बसला, आणि सगळे ओरडले, “शोभून दिसतंय!” मग या दोघांना ढकललं.

“अरे यार, साडीमध्ये तू एकदम आंटी लगती है,” तो तिला म्हणाला.

“आणि तू बँडवाला दिसतोस. बस गप.”

दोघं बसली. बाकीच्यांनी पॉपकॉर्न उधळलं. मी पण उधळलं. कुणीतरी फोटो काढला, कुणीतरी तो स्टेटसला लावला. सगळ्यांचेच फोटो लागले होते.

पण हा फोटो गावी पोचला. तिच्या चुलतभावाच्या फोनवरून भावकीच्या ग्रुपवर. आता तुम्ही तो फोटो गावच्या माणसाच्या नजरेने पाहा. पोरीच्या अंगावर आईची काठाची साडी, केसांत गजरा. शेजारी कुर्ता घातलेला परका मुलगा. वर फुलांची कमान, खाली मखमली खुर्ची. आणि दोघांच्या डोक्यावर हवेत पांढरे ठिपके. लांबून पाहिलं तर पॉपकॉर्न आणि अक्षता यांत काही फरक नसतो. रात्रीच्या जेवणाच्या आत सगळ्या गावाला कळलं होतं की अमक्याच्या मुलीने उल्हासनगरला पळून जाऊन सिंधी मुलाशी लग्न केलं. ती त्या वेळी कुळगावात घरी, साडीची घडी घालत होती.

दोन-तीन दिवसांनी आम्हाला प्राचार्या मॅडमच्या ऑफिसात बोलावलं. बाकी वर्गाला हॉल तिकिटं वाटून झाली होती, मलाही मिळालं होतं. तिचं आणि त्याचं मॅडमच्या टेबलावर होतं. खुर्च्यांवर मॅडम, उपप्राचार्य सर, तिचे काका, तिचे वडील आणि त्याची मम्मी. उभे आम्ही तिघं. मला बोलावलं कारण फोटोत मागे मी होते, पॉपकॉर्नने भरलेली मूठ वर करून.

काकांनी फोन टेबलावर सरकवला. आवाज चढलेला नव्हता. “माजा म्हनना एवराच हाय, मॅडम. आमचे गावान सगल्यांचे फोनवर ह्यो फोटू हाय. मी लोकांना काय सांगाचा?”

“काका, ते पॉपकॉर्न आहे,” मी म्हणाले.

“आम्हाला कळतं ते पॉपकॉर्न आहे,” सर म्हणाले. “गावाला कसं कळणार?”

“तुम्ही सांगा ना, सर. निरोप समारंभ होता आणि साडी शाळेने नेसायला लावली होती, एवढं शाळेने सांगितलं तरी पुरे.”

“शाळेने साडी सांगितली होती. सिंहासन सांगितलं नव्हतं.”

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांना ते आवडलेलं दिसलं. त्याच्या मम्मीने पर्समधून रुमाल काढला. “मेरा बच्चा तो सीधा है, मॅडम. उसका पेपर खराब नहीं होना चाहिए.”

मग सरांनी तोडगा काढला. नवा नव्हता. आमच्या शाळेची ती पद्धतच होती. वर्षाला एखाद्या जोडीवर ती वेळ यायची आणि बाकीच्यांना चघळायला विषय मिळायचा. सर काकांकडे वळले. “हे बघा, एका फोटोने बिघडलंय ना? दुसऱ्या फोटोने मिटवू. ही त्याला राखी बांधेल. इथेच, आमच्यासमोर. फोटो काढा, गावच्या ग्रुपवर टाका. भाऊबहीण म्हटल्यावर कोणाचं तोंड उघडणार आहे?”

काकांनी विचार केला. “चालंल,” ते म्हणाले. “मंग तिला पेपर देऊ दे. माजी काय दुश्मनी हाय का पोरीशी?”

म्हणजे सगळं त्या दोऱ्यावर आलं. बांधला तर परीक्षा, नाही तर गाव.

शिपाईमामांना शिवमंदिराजवळच्या दुकानांत पाठवलं. तोवर चहा आला. ते परत येईपर्यंत मॅडम त्याच्या मम्मीशी तिच्या साडीच्या कापडाबद्दल बोलत होत्या. मामा आले आणि दारातूनच म्हणाले, “राखी आत्ता फेब्रुवारीत कुठे मिळणार, मॅडम? पूजेचा दोरा मिळाला.” लाल-पिवळा दोरा, नारळाला बांधतात तो.

“चालेल,” सर म्हणाले. “भावना महत्त्वाची.”

मॅडमनी दोरा तिच्यासमोर धरला, अगदी छातीसमोर. ती अर्धं पाऊल मागे सरकली.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बाही वर सरकवली होती. हात पुढे केला होता. कुणी सांगायच्या आधीच.

तिनेही ते पाहिलं. त्या हाताकडे ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता बांधेल. मनातल्या मनात मी तिला ‘बांध’ म्हणतही होते. पेपर दे, मग बघू.

“मॅडम, हा माझा भाऊ नाही,” ती म्हणाली.

“मग कोण आहे?” सरांनी विचारलं.

“ते त्याला विचारा.”

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. “दोस्त है, सर. मतलब... बहन जैसी है.” हात अजून पुढेच होता.

“त्याला वाटत असेल,” ती म्हणाली. “मला नाही वाटत.”

मग तिचे वडील बोलले. तोवर त्यांनी एक शब्द काढला नव्हता. चहाही घेतला नव्हता. साय धरलेला कप तसाच होता. ते हळू म्हणाले, “बांध गो, माजी बाय. पेपर तरी देशील.”

ती त्यांच्याकडे वळली. “बाबा, राखी मी दादाला बांधते. दर वर्षी उपास करते त्या दिवशी. ती खरी असते ना? मग ही कशी बांधू?”

घरी तिला सख्खा भाऊ होता. राखीची किंमत त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होती. बाकी सगळ्यांना तो एक फोटो हवा होता. हे माझ्या डोक्यात नीट उतरायच्या आधीच तोंडातून निघालं, “सर, हे चूक आहे. तिच्या परीक्षेचा आणि ह्याचा काय संबंध?”

“तुझं हॉल तिकीट मिळालंय ना तुला?” सर म्हणाले. “मग बाहेर जा.”

मी बाहेर गेले, पण दाराच्या जाळीतून दिसत होतं. त्याचं हॉल तिकीट मॅडमनी त्याच्या मम्मीला दिलं. तिचं हॉल तिकीट काकांना दिलं. “नियमाप्रमाणे पालकांच्या हाती दिलंय,” त्या म्हणाल्या. “आमची जबाबदारी संपली.” काकांनी ते दुमडलं आणि शर्टाच्या खिशात, फोनच्या मागे ठेवलं. ती शेजारीच उभी होती. कागद तिच्या नावाचा, त्यावर तिचा फोटो, रिबिनी बांधलेला. तो तिच्या हातात एक क्षणही आला नाही.

म्हणून आजही ती शाळा म्हणू शकते की आम्ही कुणाला परीक्षेपासून अडवलं नाही. खरंच आहे. त्यांनी फक्त कागद दुसऱ्याच्या हातात दिला.

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. बसले आणि एका दमात लिहिलं. हॉल तिकीट विद्यार्थ्याचं असतं, चारित्र्याचं प्रमाणपत्र नसतं. जबरदस्तीची राखी हा राखीचाही अपमान आहे. साडी तुम्ही नेसवलीत, उत्तर तुम्ही द्या. बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं, आता उठतील. कोणत्या प्रेसमध्ये लवकर छापून मिळेल ते सांगतील.

“भाषा चांगली आहे तुझी,” ते म्हणाले. “पण हे वाटायचं नाही.”

“का?”

“हा संघटनेचा विषय नाही. त्यांच्या घरातली गोष्ट आहे. आणि मुलीचं नाव जातं अशाने.”

“बाबा, तुम्ही मॅनेजरच्या घरासमोर पत्रकं वाटली होती. त्याचं नाव नाही गेलं?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला. “तुला अजून कळायचंय. उद्या तुझ्याबद्दल कोणी असं छापलं तर?”

“तर तुम्ही माझ्या बाजूने लिहाल की नाही?”

ते उत्तर देईपर्यंत आईने, हातातली पँट खाली न ठेवता, म्हटलं, “दोघं जेवून घ्या आधी.” बाबा पाटावर जाऊन बसले. उत्तर राहिलं ते राहिलंच. मी त्यांच्यावर प्रेम करते, आणि त्यांनी आयुष्यभर जे केलं त्याला मी कमी लेखत नाही. पण त्या संध्याकाळी मला समजलं की आमच्या घरातल्या प्रत्येक पत्रकाची हद्द कंपनीच्या गेटपासून सुरू व्हायची आणि आमच्या उंबरठ्याबाहेर संपायची. आत मुली राहायच्या.

मी ते हाताने लिहून काढलं आणि काही प्रती शाळेच्या गेटवर वाटल्या, कमरेच्या उंचीवर धरून. हातांनी घेतल्या. वाचूनही घेतल्या. एक बाई, त्याच निऱ्या नीट करणाऱ्या, मला म्हणाल्या, “खरंय गं बाळा तुझं.” कागद पर्समध्ये ठेवून त्या आत गेल्या. कोणी येऊन उभं राहिलं नाही.

कुळगावला गेले तर दार तिच्या आईने अर्धंच उघडलं. “गावाला गेलीय ती. फोन नाय तिच्याकडे.” मग मागे बघत, अगदी हळू, “तू नको येत जाऊ, बाय. तुझा पण पेपर हाय ना.”

आमची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून परीक्षेत तिचा नंबर माझ्या पुढे होता. पहिल्या पेपरला पर्यवेक्षक बाई बाकावर चिकटवलेला नंबर बघून म्हणाल्या, “ही कुठे राहिली?” सगळा वर्ग प्रश्नपत्रिकेत घुसलेला. बाईंनी थोडी वाट पाहिली, दाराकडे पाहिलं आणि लाल पेनने तिला गैरहजर केलं. प्रत्येक पेपरला तेच. बायोलॉजीच्या पेपरला प्रश्न सोपे आले होते. तिला सगळे आले असते. माझं मन त्या रिकाम्या बाकावरून हलेना, आणि हलवावं असं मला वाटेना.

तिचं लग्न ती अठरा वर्षांची झाल्यावर लावलं. कायदा पाळला, हे काका आवर्जून सांगतात म्हणे. मुलगा वांगणीच्या पुढचा, स्वतःचा टेम्पो असलेला. तो वाईट नाही असं ऐकते. आमच्याकडे मुलींच्या आयुष्याबद्दल बोलताना एवढंच पुरतं: तो वाईट नाही.

कॅम्प एकमधला तो मुलगा पास झाला, आता वडिलांच्या दुकानात बसतो. त्याच्यावर मी फार चिडले होते, आता तितकी चिडत नाही. हात पुढे केला की सुटका होते, हे त्यालाही कुणीतरी शिकवलंच होतं.

गेल्या महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेत ती भेटली. बांगड्यांच्या दुकानापाशी सासू घासाघीस करत होती. हिच्या हाताला धरलेली छोटी मुलगी. तिच्या पायात लाल चपला, पाऊल टाकलं की पिपाणीसारख्या वाजणाऱ्या. आम्ही दोघी आधी त्या चपलांवरच हसलो.

“पांढरे नाही मिळाले?” मी विचारलं. विचारून गेल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

“चिखलात घालून काय करू,” ती म्हणाली. मग म्हणाली, “हल्ली नर्सेसना रंगीत पण चालतात, पाहिलंस का? डिलिव्हरीच्या वेळी बघितले मी.”

मी तिला सांगितलं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं, मी भरून देते. तिने सासूकडे पाहिलं. “विचारलं होतं. बघू म्हणाल्या. बघू म्हणजे काय ते तुला माहितीये.”

“तुझं ते हॉल तिकीट कुठे आहे?”

“काकाच्या खिशातच राहिलं. शर्ट धुवायला टाकला काकीने. लगदा झाला त्याचा.” हे तिने जराही कडवट न होता सांगितलं, कपड्यांचा रंग गेल्याचं सांगावं तसं. मग माझा हात धरला. “तू लिहितेस ना हल्ली? माझं लिहिलंस तर मला बिचारी करू नकोस. मी नाही म्हटलं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ते लिही.”

सासूने हाक मारली. छोटीच्या चपला गर्दीत वाजत गेल्या. मंदिराच्या वाटेवर पूजेच्या सामानाची दुकानं लागली होती आणि तो लाल-पिवळा दोरा रिळारिळांनी लटकत होता.

ती नाही म्हणाली होती. सगळ्यांसमोर म्हणाली होती. लिहिलं.

आता तुमच्याशी. बंधू-भगिनींनो म्हणत नाही, ते शब्द माझ्याकडून आता निघत नाहीत. दर वर्षी जानेवारी सरता सरता तुमच्या गावच्या शाळेत निरोप समारंभ होतो, साड्या नेसवल्या जातात, आणि ऑफिसातल्या टेबलावर हॉल तिकिटं येऊन पडतात. त्याच्या आधी एकदा त्या ऑफिसात जा. तुमची मुलगी तिथे शिकत नसली तरी जा. मुख्याध्यापकांना सांगा की हॉल तिकीट विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातात द्यायचं, काका, मामा, मम्मी कुणाच्याही नाही. चौकशी काय करायची ती परीक्षेनंतर करा. ते ‘बघू’ म्हणतील. ‘हो’ म्हणेपर्यंत तिथून उठू नका. आणि तुम्ही बसलेले असताना कुणी शिपाईमामांना दोरा आणायला पाठवला, तर मात्र उठा. मामा दाराबाहेर पडायच्या आत त्यांना थांबवा.